आरसीवरची बस आणि रस्त्यावरची बस

१ जुलै २०२३, रात्रीचे दीड वाजत आलेले. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात खांबाला आणि दुभाजकाला धडकली, डाव्या अंगावर पडली आणि पेटली. आत ३३ जण होते. त्यातले २५ गेले. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. तो दिवस आपल्या जिल्ह्यात कुणाला वेगळा सांगावा लागत नाही.

पोलिसांचा गुन्हा चालकावर होता. बॉडीतल्या फेरफाराचा तो मामला नव्हे. पण त्या रात्रीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बस दाराच्या बाजूवर पडली आणि दार जमिनीखाली गेलं. जे वाचले, ते काच फोडून बाहेर आले. म्हणजे बसमध्ये दार कुठे आहे, खिडकी केवढी आहे आणि संकटकाळी बाहेर पडायच्या वाटेवर काय ठोकलेलं आहे, यावर माणसाचं जगणं ठरतं. आणि नेमक्या याच गोष्टी गॅरेजमध्ये चार दिवसांत बदलल्या जातात. मेहकरला, खामगावला, मलकापूरला रात्री ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभं राहिलं की याविषयी जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. ते चुकीचं राहू नये, एवढ्यासाठी हा लेख.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “गाडी मालकाची, पैसा मालकाचा, आत सीट ठेवो नाहीतर बर्थ.” कायदा असं म्हणत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ सांगतं की, उत्पादकानं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मुभा असलेल्या बदलांसाठीही परिवहन कार्यालयाची वाट आहे: अर्ज, मंजुरी, तपासणी आणि मग आरसीवर नोंद. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते. ही शेवटची अट अनेक मालकांच्या गावीही नसते. हप्ते वेळेवर जात आहेत म्हणजे बँकेला विचारायची गरज नाही, असं ते धरून चालतात.

आता बर्थ बसवल्यानं नेमकं काय बदलतं, ते बघा. दोन मजली बर्थ म्हणजे प्लायवूड, लोखंडी सांगाडा, गाद्या, पडदे आणि वर झोपलेली माणसं. बसचा भार वर सरकतो आणि वळणावर ती जास्त कलते. आरसीवरचं रिकाम्या गाडीचं वजन खोटं ठरतं. मधली वाट अरुंद होते, खिडकीसमोर फळी येते, मागच्या संकटद्वारासमोर एक जादा बर्थ येतो. पडदा आणि गादी सगळ्यात आधी पेट घेतात. याचसाठी देशात बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ आणि स्लीपरसाठी एआयएस-११९ ही वेगळी मानकं आहेत. बर्थचं माप, वाटेची रुंदी, बाहेर पडायचे मार्ग असं सगळं त्यात येतं. लांब पल्ल्याच्या बसच्या प्रवासी भागातही आगीची सूचना देणारी आणि आग दाबणारी यंत्रणा हवी, अशी अधिसूचना केंद्रानं जानेवारी २०२२ मध्ये काढली. बसायची म्हणून मंजूर झालेली बस गॅरेजमध्ये स्लीपर केली, तर ती यातल्या कुठल्याच कसोटीतून गेलेली नसते.

“पण फिटनेस आहे ना?” असतं की. नव्या प्रवासी गाडीला आधी दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी होते. पण ते त्या दिवसाचं प्रमाणपत्र आहे. तपासणीनंतर आत काय ठोकलं, हे त्या कागदाला ठाऊक नसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतरानं देशात दोन बस पेटल्या. १४ तारखेला जैसलमेरजवळ पेटलेल्या बसची नोंद विनावातानुकूलित म्हणून होती आणि आत वातानुकूलन बसवलेलं होतं. तिथे २० हून जास्त माणसं गेली. २४ तारखेला हैदराबादहून बंगळूरुला जाणारी बस आंध्रातल्या कर्नूलजवळ पेटली आणि १९ प्रवासी गेले. ती बस आधी दमणला नोंदवलेली होती, मग तिचे कागद ओडिशात गेले, धावत होती तिसरीकडेच, आणि आसनांची बस स्लीपर झाल्याचं तपासात पुढे आलं.

इथूनच दुसरा मोठा गैरसमज सुरू होतो, आणि त्याला दोन तोंडं आहेत. काही प्रवासी म्हणतात, एनएल किंवा एआर पासिंगची, म्हणजे नागालँड-अरुणाचलची बस आपल्याकडे दिसली की ती बेकायदाच. तसं नाही. कलम ४६ नुसार एका राज्यातली नोंदणी साऱ्या देशात चालते, आणि अखिल भारतीय पर्यटक परमिट घेतलेली बस कुठल्याही राज्यात फिरू शकते. या परमिटचे सध्याचे नियम मे २०२३ पासून लागू आहेत. शुल्क एकदाच ऑनलाइन भरायचं, ते राज्यांमध्ये वाटलं जातं.

काही मालकांचा समज याच्या नेमका उलटा: तिकडे पासिंग केलं की इकडचं काही लागत नाही. हेही खरं नाही. कलम ४० सांगतं की मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी साधारणपणे जिथे ठेवली जाते, तिथेच नोंदणी करायची. चिखलीचा मालक, चिखलीतच उभी राहणारी बस आणि नोंदणी मात्र दोन हजार किलोमीटरवर, यामागे बहुतेक वेळा कर कमी बसतो हे कारण असतं. राज्याराज्यांत मोटार वाहन कर वेगळा, सीट आणि बर्थमागे तो मोजायची पद्धत वेगळी, आणि त्या फरकावर हा सगळा व्यवहार उभा आहे. शिवाय पर्यटक परमिट एसटीसारखं थांब्याथांब्यावर हात दाखवेल त्याला घ्यायला नसतं. प्रवाशांची यादी गाडीत असावी लागते. तामिळनाडूनं जून २०२४ मध्ये परराज्यातल्या पासिंगच्या पाचशेहून जास्त बस राज्यांतर्गत धावण्यापासून थांबवल्या, त्या याच कारणानं. हे बरंच आधी व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बस खरोखर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणायची असेल, तर वाट लांब आहे पण सरळ आहे. समजा चिखलीच्या एकानं इंदूरहून जुनी बस घेतली. मूळ कार्यालयाकडून नमुना २८ मधली एनओसी, कर्ज असेल तर बँकेची संमती, मध्य प्रदेशात कर पूर्ण भरल्याचा पुरावा, मग बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात अर्ज, इथला कर आणि एमएच २८ चा क्रमांक. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो. तिकडे आगाऊ भरलेला कर आपोआप परत येत नाही, तो मागावा लागतो. आत काही बदल करायचा असेल तर कागद इकडे आल्यावर, मंजुरी घेऊन करावा. आधी गॅरेज आणि मग कार्यालय असा उलटा क्रम धरला, की तपासणीला आलेली गाडी आणि एनओसीवरची गाडी जुळत नाहीत आणि बस महिनोन्महिने उभी राहते. आणि बीएच मालिकेचा क्रमांक घेऊन ही कटकट टळेल, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ती मालिका खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, प्रवासी धंद्याच्या बसला ती मिळत नाही.

अलीकडे एक वेगळी हौसही दिसते. जुन्या बसचं चाकांवरचं घर करायचं, लोणार सरोवराच्या काठाला एक रात्र, मग जळगाव जामोदवरून सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूर. हौस छान आहे, आणि कायद्यात तिला जागाही आहे. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पण “एसटीची लिलावातली बस घेऊन टाकू” हा बेत चालणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते, त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. त्या भंगारातच जायच्या असतात. आणि कॅरॅव्हॅन एकदा झाली की कशीही वापरता येते, हाही समज खरा नाही. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेप्रमाणे स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गटात जाते, आणि भाड्यानं दिली की परिवहन गटात. गट बदलला की कर, फिटनेस, परमिट आणि विमा हे सगळं बदलतं. पाहुण्याकडून डिझेलचे म्हणून पैसे घेऊन ती सारखी फिरवू लागलात, तर कागदावर ती कुठल्या गटात आहे हे आधी पाहून घ्या.

आता विम्याकडे येऊ. या भागात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथली चूक मालकापेक्षा प्रवाशाच्या घरच्यांना भोगावी लागते.

“फुल इन्शुरन्स आहे” हे वाक्य गॅरेजपासून ढाब्यापर्यंत ऐकू येतं. पॉलिसीचे भाग दोन: गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि थर्ड पार्टीचा. दुसरा कायद्यानं सक्तीचा आहे, आणि प्रवासी बसच्या बाबतीत भाडं देऊन बसलेला प्रवासीही त्यातच येतो. गाडीत न कळवलेला बदल केला असेल, तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. मालकानं तेवढं गृहीत धरायला हवं. पण म्हणून प्रवाशाचंही सगळं बुडालं, असं नाही. न्यायालयांनी “आधी कंपनीनं द्या, मग मालकाकडून वसूल करा” असा मार्ग ठेवलेला आहे. २०१८ मध्ये परमिटच नसलेल्या गाडीच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं हाच मार्ग कायम ठेवला. मग ती वसुली मालकाच्या घरादारावर येते, हे मालकानं विसरू नये.

मात्र एका ठिकाणी प्रवाशाचंही नुकसान होतं, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. बसचा थर्ड पार्टी हप्ता दोन तुकड्यांत ठरतो: एक मूळ रक्कम आणि शिवाय नोंदलेल्या प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम. जून २०२२ च्या दरांत सर्वसाधारण बससाठी मूळ रक्कम १४,३४३ रुपये आणि दर प्रवाशामागे ८७७ रुपये होती. म्हणजे जादा बसवलेल्या प्रत्येक बर्थमागे मालक एवढी रक्कम वाचवतो. आता २००७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. हिमाचलातली बस, विमा ४२ प्रवाशांचा आणि आत सुमारे ९० माणसं. न्यायालय म्हणालं, कंपनीची जबाबदारी विमा उतरवलेल्या संख्येपुरतीच. भरपाईचे सर्वांत मोठे ४२ निवाडे घ्यायचे, त्यांची बेरीज कंपनीनं भरायची, आणि ती रक्कम सगळ्या पीडितांमध्ये प्रमाणात वाटायची. उरलेलं मालकाकडून, त्याच्याकडे निघालं तर. आरसीवर ३० लिहिलेल्या बसमध्ये ३६ झोपले असतील, तर त्या सहा जादा बर्थांची किंमत सगळ्यांच्या भरपाईतून कापली जाऊ शकते. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याला आरसी कधी दाखवलेलीसुद्धा नसते. याचा मला मनापासून राग येतो.

बस विकली तर विमाही गेला, हाही एक समज. थर्ड पार्टीचं संरक्षण कलम १५७ नुसार गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं. त्यानं १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. आणि विकणाऱ्यानं आरसीवरचं नाव बदललं का, हे स्वतः पाहावं. २०१८ च्या आणखी एका निकालानुसार आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यापुढे मालक. गाडी चार हात फिरली तरी.

राहिला सरकारी मदतीचा प्रश्न. पिंपळखुट्यानंतर राज्याकडून मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख जाहीर झाले. ही मदत आहे, विम्याची भरपाई नव्हे. ती घेतली म्हणून दावा संपत नाही. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात जिथे झाला तिथेच जायला हवं, असंही नाही. नागपूर, वर्धा, यवतमाळ, जिथे वारस राहतात तिथे अर्ज करता येतो. चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात; जास्त हवं असेल तर कलम १६६. त्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. घरात सुतक असताना कागद गोळा करायचं कुणाला सुचत नाही, तरी कुणी तरी शेजारी, मेहुणा, भाचा यानं ते हातात घ्यावं: एफआयआरची प्रत, मोबाइलवरचं तिकीट, पैसे दिल्याचा संदेश.

आणि चढण्याआधी एक मिनिट मिळालं, तर एवढं करा. बसचा क्रमांक परिवहन खात्याच्या अॅपवर टाका. विमा आणि फिटनेसची मुदत दिसते. आत गेल्यावर संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे ते पाहा, काच फोडायचा हातोडा खुंटीवर आहे का ते पाहा, आणि मागच्या दारासमोर बर्थ ठोकलेला दिसला तर चालकाला तिथल्या तिथे विचारा.