'पॉश' शब्दाची खरी वंशावळ

बंगल्याला, उपाहारगृहाला, एखाद्या वस्तीला 'पॉश' हे विशेषण आपण मराठीतही सर्रास लावतो, आणि त्याच्या जन्माची म्हणून एक कथा मोठ्या विश्वासाने सांगितली जाते : विलायतेहून मुंबईस येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींत धनिक उतारू, उन्हाचा ताप चुकावा म्हणून, येताना डाव्या आणि परतताना उजव्या अंगाच्या खोल्या राखून ठेवीत, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटांवर उमटविली जात. पूर्वेकडे निघालेल्या जहाजाची डावी बाजू उत्तरेस, म्हणून सावलीत राहते, एवढा भूगोलाचा आधार या कथेला आहे खरा. परंतु दप्तराचा दाखला मागू लागताच ती निराधार ठरते, कारण तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही, आणि ही व्युत्पत्ती प्रथम छापली गेली ती १९३५ साली, म्हणजे शब्द रूढ होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर.

वास्तविक 'ऐटबाज' या अर्थाचे हे विशेषण १९१४ पासून लेखी आढळते. त्याही आधी, १८९० च्या सुमारास, इंग्रजी बोलीच्या कोशात 'पॉश' म्हणजे नटवा, छानछोकी पुरुष असा अर्थ नोंदलेला आहे, आणि १८९२ मध्ये पुस्तकरूपाने निघालेल्या 'द डायरी ऑफ अ नोबडी' या विनोदी कादंबरीतील एका सधन पात्राचे आडनावच पॉश आहे. याहून जुना अर्थ मात्र श्रीमंतीच्या अगदी उलट टोकाचा : एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या चोरबोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, क्षुल्लक नाणे. तो आला रोमानी भाषेतून, जिथे या शब्दाचा अर्थ 'अर्धा'. आणि रोमानी ही भारतातून युरोपात गेलेल्या भटक्या लोकांची भाषा असल्याने भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ संस्कृत 'पार्श्व' या शब्दात दाखवितात. नाण्यापासून पैसा आणि पैशापासून पैसेवाल्याचा डौल, असा अर्थविस्तार कित्येक अभ्यासकांना संभवनीय वाटतो. तो तर्क म्हणूनच स्वीकारावा, पण आगबोटीच्या कथेपेक्षा त्याचा पाया निःसंशय भक्कम आहे. हिंदुस्थानाशी या शब्दाचे नाते असलेच, तर ते साहेबांच्या तिकिटातून नव्हे, उपेक्षित भटक्यांच्या मुखातून आले असावे, हे मला फार मोलाचे वाटते.

अलीकडे कचेऱ्यांतून ऐकू येणारा 'पॉश कायदा' मात्र खरोखरच आद्याक्षरांनी घडलेला आहे : कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे ते रूढ नाव, 'प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट' या शब्दांवरून पडलेले, आणि ऐटबाज 'पॉश'शी त्याचा उच्चारापलीकडे काहीही संबंध नाही.