कष्टाचं अंगही आखडतं

मुरबाड तालुक्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, संपत आली की माझ्याकडे बायकांची रीघ लागते. मी फिजिओथेरपिस्ट, माहेर सिद्धगडाच्या पायथ्याकडचं. तक्रारी ठरलेल्या: कंबर धरली, उसण भरली, सकाळी टाच टेकवत नाही. सोबतचा मुलगा हमखास म्हणतो, "आईला कसला व्यायाम सांगता? ती दिवसभर शेतात राबते." राबणारं अंग आपोआप लवचीक राहतं, हा समज आमच्याकडे फार खोलवर रुजलाय आणि त्यापायी बायका वर्षानुवर्षं दुखणं काढतात.

बोकड सोलताना कातडी आणि मांसाच्या मधे पांढरट, ओलसर पापुद्रा सुटतो. आपल्याही अंगात तो आहे. त्याला फॅशिया म्हणतात. तो प्रत्येक स्नायूला वेढून असतो. स्नायू हाडाला बांधणारे स्नायुरज्जू आणि हाडाला हाड बांधणारे अस्थिबंधही त्याच्याच जातीचे. या सगळ्यांची ताकद कोलॅजन या प्रथिनात आहे. पापुद्र्याचे थर एकमेकांवरून घसरतात ते मधल्या बुळबुळीत हायलुरोननमुळे. हालचाल कमी झाली की ते घट्ट होत जातं, असं अभ्यासक मानतात.

आता आवणी बघा. पाय चिखलात रुतलेले, गुडघे जवळजवळ ताठ, कंबरेत काटकोन. मुठीतली रोपं सोडवून रोवणारा हात सारखा चालू, पाठ मात्र तासन् तास तशीच. कंबरेवरचा जाड पापुद्रा आणि मणक्यांमागचे अस्थिबंध ताणलेलेच राहतात, हळूहळू सैलावतात आणि काही वेळ तरी पाठीला नीट धरू शकत नाहीत. अशात घरी येऊन पाण्याचा हंडा उचलला की उसण भरते. म्हणून मी सांगते, एक मूठ संपली की दुसरी घेण्याआधी सरळ उभ्या राहा, हात कंबरेवर ठेवा आणि चार-पाच वेळा मागे वाका. घरधनी ओरडला तरी चालेल. उसणीवर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घेतात. नुसता लावला तर माझी ना नाही, पण लाथ किंवा हिसका मुळीच नको.

टाचेचं दुखणं बहुधा तळपायाच्या फॅशियाच्या पट्ट्याचं असतं. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला कळ येते. अंथरुणातून उठण्याआधीच पाय मांडीवर घ्या, बोटं हाताने मागे ओढा, दहा अंक मोजा. असं दहादा करा. बायांना हे पटतं, कारण चार पैसे लागत नाहीत.

सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी अभिवादनाला माणसं येतात. एरवीही शहरातली तरुण मुलं गड चढायला येतात. चढताना दम लागतो, पण अंग दुखतं ते उतरण्याने, कारण तेव्हा मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात. हीच हालचाल मापात केली तर औषध ठरते. स्वीडनमधल्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेमागच्या दुखऱ्या स्नायुरज्जूसाठी ती वापरली: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, रोज, 12 आठवडे. घराचा ओटा त्याला पुरतो. धीर मात्र हवा. स्नायू काही आठवड्यांत भक्कम होतो, स्नायुरज्जूला महिने लागतात. डेन्मार्कमधल्या 2013 च्या एका अभ्यासात तर दिसलं, की टाचेमागच्या स्नायुरज्जूचा गाभा साधारण 17 व्या वर्षानंतर जवळजवळ बदलतच नाही. शाळेतल्या पोरांना धावू-खेळू द्या, असं मी पालकांना कळकळीने सांगते ते यासाठी.

आमचे कातकरी आणि ठाकर आजोबा टाचा टेकवून तासभर उकिडवे बसतात. त्यांच्या घोट्यांची ही लवचीकता मी रोज खुर्चीत बसणाऱ्यांना हेव्याने दाखवते.

कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागतं. आवळा, पेरू खा. मधुमेहात साखर कोलॅजनला चिकटून ते कडक होतं, म्हणून या रुग्णांचे खांदे जास्त आखडतात. हात डोक्यावर जाईना झाला तर तेल चोळत बसण्याआधी रक्तातली साखर तपासा. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर व्यायामाच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.