जुनाट व्रणाचें औषध आणि त्याचें प्रमाण

हळदीनें जखम भरून येते हा नवा शोध समजून अमेरिकेंत १९९५ सालीं त्याचें पेटंट दिलें गेलें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतां, जुने ग्रंथ पुढें मांडून १९९७ सालीं तें रद्द करविलें. देशाची अब्रू राहिली, हें खरेंच. पण कायद्याच्या भाषेंत त्या निकालानें सिद्ध झालें तें इतकेंच कीं, हा उपयोग जुना आहे. बाजारांतील अमुक पुडी गुणकारी आहे, असें त्यांत कोठेंच सिद्ध झालें नाहीं. आमच्या अभिमानी मित्रांची गल्लत होते ती येथें.

घरोघर असणारें जात्यादि तेलच घ्या. जाईचा पाला, कडुनिंब, करंज, मंजिष्ठ, दोन्ही हळदी आणि मोरचूद अशीं त्यांत अनेक द्रव्यें पडतात. पैकीं दारुहळद म्हणून कोणी हिमालयांतील कांटेरी झुडूप घालतो, तर दक्षिणेंत त्याच नांवानें एका निराळ्याच वेलीचें लांकूड विकलें जातें. मोरचूद हा तर तांब्याचा क्षार. तो किती पडला व शुद्ध केला कीं नाहीं, यावर जखम भरते कीं भाजते हें ठरावयाचें. गिऱ्हाइकास मात्र सर्व बाटल्यांवर नांव एकच दिसतें! मधुमेहानें ज्याच्या पायाची संवेदना गेली, तो असें तेल महिनोन्महिने चोपडीत बसतो, आणि पाय कापण्याची पाळी आली तरी बाटलीस कोणी जाब विचारीत नाहीं.

प्रमाण ठरविल्यानें काय साधतें, हें क्षारसूत्रानें दाखविलें आहे. दोऱ्यावर स्नुहीच्या चिकाचीं अकरा, चीक व आघाड्याच्या क्षाराचीं सात, चीक व हळदीचीं तीन, अशीं एकवीस पुटें. दोरा एकसारखा झाला, म्हणूनच त्याची परीक्षा घेतां आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत भगंदर उलटण्याचें प्रमाण क्षारसूत्रानें शेंकडा ४, शस्त्रक्रियेनें शेंकडा ११ आलें. भरून येण्यास मात्र क्षारसूत्रास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेस चार. उणीवही मोजली गेली, म्हणूनच गुण नाकारतां येत नाहीं.

१९४० च्या औषध कायद्यांत आयुर्वेदी औषधांचें प्रकरण १९६४ सालीं आलें. सरकारी औषधिकोशही आहे. तथापि ग्रंथोक्त औषधाच्या परवान्यास ग्रंथाचा आधार पुरतो, रोग्यांवरील परीक्षा लागत नाहीं. मोजमापानें शास्त्राचा अपमान होतो म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतों, सुश्रुतानें व्रणाचे साठ उपक्रम निरनिराळे कां सांगितले? काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यांनीं पोत्यावर वनस्पतीचें शास्त्रीय नांव व उगमस्थान लिहावें. तेल काढणाऱ्यांनीं प्रत्येक खेपेंतील तांब्याचें प्रमाण तपासून बाटलीवर छापावें. सरकार सक्ती करीपर्यंत थांबण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं.