गणित व संख्याशास्त्रातील पदव्युत्तर टप्पे : अभ्यासक्रम, परीक्षा आणि एम.फिल.नंतरचे अंतर

प्रास्ताविक

गणित व संख्याशास्त्र या विषयांत पदव्युत्तर पदवी मिळविणे आणि त्या पदवीच्या आधारे अध्यापन किंवा संशोधनास पात्र ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम.एस्सी. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटमध्ये, दोन-तीन वेळा अपयशी ठरतो आणि दोष त्याच्या कष्टांना दिला जातो, हा अनुभव अनेक सहकाऱ्यांना असेल. प्रस्तुत लेखात या टप्प्यांवर विद्यार्थ्याकडून नेमकी कोणती अपेक्षा केली जाते ते स्पष्ट केले आहे. तसेच एम.फिल. बंद झाल्यानंतर पूर्वी तेथे होणारे काम एम.एस्सी.च्या वर्गाकडे कसे आले आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

श्रेयांकांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये दिलेल्या आराखड्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी कमाल ८८ श्रेयांक, म्हणजे प्रत्येक सत्रात २२ श्रेयांक, अशी मांडणी आहे. विद्यापीठागणिक तपशिलात थोडाफार फरक पडतो. परंतु सर्वसाधारण विभागणी पाहिली असता मुख्य विषयाचे अनिवार्य श्रेयांक सुमारे ५४, ऐच्छिक १६, आणि उरलेले १८ संशोधनपद्धती, कार्यप्रशिक्षण वा क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प यांसाठी असतात. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे.

संशोधनाला एवढी जागा मिळाली हे स्वागतार्हच आहे. मात्र गणिताच्या बाबतीत या १८ श्रेयांकांचे काय करायचे, याचा विचार पुरेसा झालेला दिसत नाही. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला कार्यप्रशिक्षणासाठी बँक, औषधनिर्मिती कंपनी वा एखादे सर्वेक्षण मिळू शकते. तालुक्याच्या गावातील गणिताचा विद्यार्थी मात्र बहुधा जवळच्या खासगी शिकवणी वर्गाचे प्रमाणपत्र आणतो. संशोधनपद्धतीच्या तासिकेलाही अनेकदा प्रश्नावली, नमुना निवड, गृहीतके अशी सामाजिक शास्त्रांची टिपणे वाचली जातात. प्रमेय सिद्ध करू पाहणाऱ्याला त्यांचा उपयोग मर्यादितच.

नेटची रचना आणि तिची मागणी

सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये गणित आणि संख्याशास्त्र यांच्यासाठी 'गणिती शास्त्रे' असा एकच विषय आहे. तीन तासांची, २०० गुणांची ही परीक्षा तीन भागांत असते. भाग 'अ' मध्ये सामान्य आकलनाचे २० प्रश्न असून त्यांपैकी १५ सोडवायचे असतात व प्रत्येकास २ गुण असतात. भाग 'ब' मध्ये ४० पैकी २५ प्रश्न प्रत्येकी ३ गुणांचे, तर भाग 'क' मध्ये ६० पैकी २० प्रश्न प्रत्येकी ४.७५ गुणांचे असतात. म्हणजे ९५ गुण, जवळजवळ निम्मी परीक्षा, शेवटच्या भागावर अवलंबून आहे. 'अ' आणि 'ब' मध्ये चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण वजा होतात. 'क' मध्ये गुण वजा होत नाहीत; पण एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सर्व बरोबर पर्याय निवडले व एकही चुकीचा निवडला नाही तरच गुण मिळतात. अर्धवट उत्तराला काहीच नाही.

या भागाची मागणी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ० ते १ या खुल्या अंतरालावर एक एकसमान संतत फलन दिले आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत प्रश्न येतो : हे फलन बंद अंतरालावर संतत राहील अशा रीतीने विस्तारता येते हे सिद्ध करा. विद्यार्थ्याने सिद्धता पाठ केलेली असते; तो ८ पैकी ७ गुण मिळवितो. भाग 'क' च्या धर्तीवर विचारायचे तर त्याच फलनाविषयी तीन-चार विधाने समोर ठेवावी लागतील : ते परिबद्ध असते, ते बंद अंतरालावर विस्तारता येते, त्याला विकलज असल्यास तो विकलज परिबद्ध असतो. पहिली दोन विधाने बरोबर आहेत. तिसरे चूक आहे आणि ते चूक ठरविण्यासाठी वर्गमूळ हे फलन आठवावे लागते; त्याचा विकलज शून्याजवळ अमर्याद वाढतो. सिद्धता येणे आणि प्रतिउदाहरण सुचणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. आपल्या वर्गात पहिल्याला गुण आहेत, दुसऱ्याला नाहीत.

संख्याशास्त्रातही हेच घडते. दोन प्रसामान्य चलांचा सहसंबंध शून्य असेल तर ते स्वतंत्र असतात, हे विधान बी.एस्सी.पासून ऐकलेले असते. संयुक्त वितरण प्रसामान्य असेल तरच ते खरे आहे. एक प्रमाणित प्रसामान्य चल घ्यावा आणि नाणे टाकून आलेल्या निकालानुसार त्याचे चिन्ह बदलावे किंवा तसेच ठेवावे. नवा चलही प्रसामान्यच असतो, दोहोंचा सहसंबंध शून्य असतो. तरीही दोघांचे केवलमूल्य एकच असल्याने ते स्वतंत्र नसतात. हे उदाहरण वर्गात दहा मिनिटांत होते.

नेटच्या अभ्यासक्रमाचे चार घटक आहेत. पहिला, विश्लेषण व रेषीय बीजगणिताचा घटक, सर्वांसाठी आहे. गणिताच्या विद्यार्थ्याकडून त्याखेरीज दुसऱ्या व तिसऱ्या घटकांची, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून चौथ्या घटकाची अपेक्षा असते. म्हणून पहिल्या सत्रात शिकलेले विश्लेषण चौथ्या सत्रापर्यंत विसरून गेलेला संख्याशास्त्राचा विद्यार्थी येथे मागे पडतो. तो ज्या विषयात कच्चा ठरतो, तो त्याच्या पदवीच्या नावात नसतो.

एम.फिल.ने भरून काढलेले अंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या पीएच.डी. विनियमांनी एम.फिल. अभ्यासक्रम बंद केला. आधी मिळालेल्या पदव्यांना त्याने बाध येत नाही. ही पदवी रद्द होण्यामागील तर्क समजण्यासारखा आहे. पुष्कळ ठिकाणी तिचे प्रबंध केवळ औपचारिकता उरले होते. तथापि तिच्या पहिल्या सत्रातील अभ्यासाचे मोल वेगळे होते. प्रस्तुत लेखकाला माप सिद्धान्त, म्हणजे मेजर थिअरी, एम.एस्सी.ला ऐच्छिक म्हणून टाळता आला आणि एम.फिल.च्या वर्गात तो पहिल्यापासून शिकावा लागला. संभाव्यता हे एक मापच आहे आणि अपेक्षित मूल्य म्हणजे त्या मापाच्या संदर्भातील संकलन आहे, हे तेथे उमगले. गणित व संख्याशास्त्र यांना नेटने एका नावाखाली का आणले असावे, हेही त्यानंतरच कळले.

ती मधली पायरी आता नाही. २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ला किमान १२ श्रेयांकांचे पूर्वाध्ययन आहे, त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता यांचा समावेश बंधनकारक आहे, आणि प्रबंध सादर करण्यासाठी त्यात किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असल्यास एम.एस्सी.शिवायही प्रवेशाचा मार्ग खुला झाला आहे. शिवाय २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देताना त्यांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो, आणि केवळ प्रवेशासाठी पात्र ठरलेल्यांचे गुण एकच वर्ष ग्राह्य असतात. मागे राहिलेला विषय सावकाश भरून काढण्यास या रचनेत उसंत नाही.

अभ्यास मंडळांपुढील विषय

अशा स्थितीत १६ ऐच्छिक श्रेयांकांची निवड ही विद्यार्थ्याच्या आवडीवर किंवा विभागात कोणता प्राध्यापक उपलब्ध आहे यावर सोडून चालत नाही. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यासाठी माप सिद्धान्त, मग तो गणित विभागात शिकवला जावो वा संख्याशास्त्र विभागात, दोन्ही विभागांनी एकत्रित चालविता येईल. ज्या महाविद्यालयात दोन्ही विभागांत मिळून वीसही विद्यार्थी नसतात, तेथे प्राध्यापकांच्या कार्यभाराच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे. संशोधनपद्धतीच्या ४ श्रेयांकांत गणितासाठी एक शोधनिबंध ओळ न् ओळ वाचणे, लाटेकमध्ये सिद्धता लिहिणे आणि २०२१ पासून सर्वांना विनामूल्य खुल्या झालेल्या झेडबीमॅथमधून संदर्भ शोधणे, तर संख्याशास्त्रासाठी आर या संगणकीय भाषेत सदृशीकरण करणे, एवढे तरी बसावे.

अंतर्गत मूल्यमापनाच्या बाबतीत कोणत्याही वरिष्ठ मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दर चाचणीत दोन प्रश्न भाग 'क' च्या धर्तीवर द्यावेत. मात्र केवळ पर्याय निवडून न घेता प्रत्येक चुकीच्या विधानासाठी प्रतिउदाहरण लिहून घ्यावे आणि गुण त्याला द्यावेत. तपासणीला वेळ जास्त लागतो. पहिल्या चाचणीत निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिका त्या जागी कोऱ्या येतील, याचीही तयारी ठेवावी लागते.