भेगाळलेलं रान आणि कपाळाला हात: वर्ध्याचा शेतकरी बातमीत असाच का दिसतो?

वर्धा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक सेवाग्रामच्या बापू कुटीचं. दुसरं भेगा पडलेल्या रानात कपाळाला हात लावून बसलेल्या शेतकऱ्याचं. पहिलं १९३६ पासूनचं, गांधीजी तिथं राहायला गेले तेव्हापासूनचं. दुसरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं, आणि ते जरा तपासून बघायला हवं.

सुरुवात त्या भेगांपासूनच करू. या भागातला कापूस काळ्या मातीत पिकतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच, आदल्या वर्षी धो धो पाऊस झाला असला तरी. म्हणजे मे महिन्यात काढलेला तो फोटो दुष्काळाचा पुरावा नसतो.

पण बातमीला फोटो लागतो. कापसाचा पडलेला भाव, बियाण्याचं वाढलेलं बिल, थकलेल्या कर्जावरचं व्याज यांचा फोटो कसा काढणार? मग भेगा छापल्या जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं की पाऊस आला नाही म्हणून शेतकरी गेला. दोष आभाळाचा. भाव, कर्ज आणि सरकारी धोरण चौकटीच्या बाहेरच राहतं.

मुळात कॅमेरेच किती आले, हाही प्रश्न आहे. विदर्भातलं शेतीसंकट सातत्यानं मांडणारे पत्रकार पी. साईनाथ २००६ मधली एक तुलना नेहमी सांगतात. मुंबईतल्या लॅक्मे फॅशन वीकला ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार होते आणि तिथं सुती कपड्यांचं प्रदर्शन चाललं होतं. तोच कापूस पिकवणारे शेतकरी मुंबईहून तासाभराच्या विमानप्रवासाच्या अंतरावर जीव देत होते. तिथं मुक्काम ठोकून बातमी करणारे राष्ट्रीय माध्यमांचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके.

याच सुमारास वर्धा जिल्ह्यातलं डोरली गाव देशभर गाजलं. गावानं जाहीर केलं, आमचं गाव विकायला काढलंय. घरंदारं, जमीन, गुरंढोरं, सगळं. विदर्भातल्या आणखी काही गावांनी मग अशाच घोषणा केल्या, कुणी तर किडन्या विकण्याची. आता गाव विकत घ्यायला कोणी येणार नाही, हे डोरलीला कळत नव्हतं असं थोडंच आहे! ती घोषणा गिऱ्हाइकासाठी नव्हतीच, कॅमेऱ्यासाठी होती. नुसतं 'कर्ज झालंय' म्हटलं तर कोणी फिरकत नाही, 'गाव विकणे आहे' म्हटलं की गाड्या येतात, हे गावकऱ्यांना नीट उमगलं होतं. याला कोणी स्टंट म्हणेल. पण माध्यमं कोणत्या भाषेत ऐकतात ते ओळखून त्याच भाषेत बोलणं, एवढंच ते होतं.

२००६ च्या मध्यावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धाही होता. तेव्हापासून 'आत्महत्याग्रस्त जिल्हा' हा शिक्का बसला, तो आजही पुसलेला नाही.

मग सिनेमा आला. २०१० च्या 'पीपली लाइव्ह'मध्ये नत्था नावाचा शेतकरी मदतीच्या पैशांसाठी मरायला निघतो आणि त्याच्या दारात चॅनलवाल्यांची जत्रा भरते. टोमणा माध्यमांना होता. तरी विदर्भ जनआंदोलन समितीनं चित्रपटाला विरोध केला. शेतकरी भरपाईसाठी जीव देतो असा समज यातून पसरेल, ही त्यांची भीती होती. ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण 'पैशांसाठी मेला' असं म्हणणारे आजही भेटतात.

त्याआधी वर्षभर सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला होता. त्यात आधी पाऊस येत नाही, आणि मग इतका येतो की पीकच जातं. नवरा जीवाचं बरंवाईट करेल या धास्तीनं बायको त्याच्यावर नजर ठेवते, त्याला गोडधोड करून घालते. पात्रं वऱ्हाडी बोलतात, आणि त्यावर कुणी हसत नाही. टीव्हीवर वऱ्हाडी बहुतेक विनोदासाठीच ऐकलेल्या प्रेक्षकाला हे नवं होतं.

चित्र ठरून गेलं की त्यात न बसणारी माणसं दिसेनाशी होतात. फोटोतला शेतकरी हा पुरुष, स्वतःच्या जमिनीचा मालक. सरकारी कागदही साधारण असंच बघतो. आत्महत्येनंतर १ लाखाची मदत मिळायची तर शेती कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. नाहीतर प्रकरण 'अपात्र'. मक्त्यानं शेती करणारा यात अडकतो. आणि निंदण-खुरपणापासून कापूस वेचणीपर्यंत रानात राबणारी बाई? ती बातमीत येते ती नवरा गेल्यावर, 'शेतकऱ्याची विधवा' म्हणून.

वर्ध्याचे नाट्यदिग्दर्शक हरीश इथापे यांनी नेमक्या याच बायकांना रंगमंचावर आणलं. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या 'तेरवं' नाटकात शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या स्त्रियाच काम करतात. त्यांच्यातल्या एक यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्यावर उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं, आणि त्याच वर्षी त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली.

'तेरवं'वर पुढे सिनेमाही निघाला, दिग्दर्शक इथापेच. तो ८ मार्च २०२४ ला, महिला दिनी, प्रदर्शित झाला.