जमिनीतून घरात येणारा रेडॉन
(घरातली हवा : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण स्वयंपाकघरातल्या धुराबद्दल बोललो. धूर डोळ्यांना झोंबतो, ठसका आणतो, म्हणून माणूस उठून निदान खिडकी तरी उघडतो. आजच्या वायूला रंग, वास, चव यांतलं काहीच नाही. तो घरात वर्षानुवर्षं असला तरी डोकं दुखत नाही की शिंक येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्या एका देशात दरवर्षी सुमारे २१ हजार माणसं या रेडॉनमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात.

घरांमधल्या रेडॉनकडे जगाचं लक्ष वेधलं गेलं ते डिसेंबर १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक इथे नवं अणुवीज केंद्र उभं राहत होतं. तिथले अभियंते स्टॅनली वॉट्रस किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रातून जाऊ लागले की भोंगा वाजायचा. केंद्रातून वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती, मग हा किरणोत्सार आला कुठून? शेवटी एके दिवशी सकाळी कामाला हात लावण्याआधीच ते यंत्रातून गेले, आणि भोंगा तेव्हाही वाजला. किरणोत्सार ते घरून अंगावर घेऊन येत होते. घरातली हवा मोजली तेव्हा लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) रेडॉन निघाला. आज अमेरिकेत ४ पिकोक्युरीला उपाययोजना करायला सांगतात. वॉट्रस कुटुंबाने घर सोडलं, दुरुस्ती झाल्यावर काही महिन्यांनी ते परतले. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की शेजारच्या घरात रेडॉनचं प्रमाण अगदी साधारण होतं.

असं का होतं, हे समजायला जमिनीखाली जावं लागतं. खडकांत आणि मातीत थोडंफार युरेनियम सगळीकडे असतं. ते क्षय पावत पावत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतला हा एकच दुवा वायुरूप, म्हणून तो मातीच्या कणांमधून वर सरकू शकतो. उघड्यावर आला तर वाऱ्यात विरून जातो. वर घर असेल तर मात्र गोष्ट बदलते. थंडीत घर आतून तापवलेलं असतं. गरम हवा वरच्या फटींतून निसटते आणि तळाशी दाब किंचित कमी होतो. घर जणू धुराड्यासारखं जमिनीतली हवा वर ओढतं. लादीतल्या भेगा, पाइपांभोवतीच्या फटी, बेसमेंटमधला पाणी उपसायचा खड्डा, यांतल्या कुठल्याही वाटेने रेडॉन आत शिरतो. खडकातली एखादी भेग तुमच्या पायाखाली असेल, शेजाऱ्याच्या नसेल. त्यामुळे शेजाऱ्याच्या चाचणीवरून आपल्या घराचा अंदाज बांधता येत नाही.

रेडॉन स्वतः निष्क्रिय वायू; श्वासातून आत गेलेला बहुतेक उच्छ्वासातून बाहेर पडतो. पण त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. तो क्षय पावला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू तयार होतात. हे घनरूप असतात आणि दिसेल त्याला चिकटतात: धुळीला, कपड्यांना, श्वासनलिकेच्या अस्तराला. पोलोनियममधून सुटणारा अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, कातडीचा वरचा मृत पेशींचा थर त्याला रोखतो. फुप्फुसात तसं कवच नाही. तिथे तो थेट जिवंत पेशीच्या डीएनएवर आदळतो.

धोका किती, याचं चांगलं उत्तर युरोपातल्या १३ अभ्यासांच्या २००५ सालच्या एकत्रित विश्लेषणाने दिलं. घनमीटरमागे रेडॉनच्या दर १०० बेकरेल (हेही किरणोत्साराचंच एकक) वाढीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंत या रोगाने मृत्यू येण्याची शक्यता रेडॉन नसताना ०.४ टक्के, ४०० बेकरेलमध्ये ०.७ टक्के. रोज पाकीटभर ओढणाऱ्याची मात्र १० टक्क्यांवरून १६ वर जाते. सिगारेट आणि रेडॉन एका घरात असणं, हे सर्वांत वाईट. जागतिक आरोग्य संघटना १०० बेकरेलची मर्यादा सुचवते. अमेरिकेचे लिटरमागे ४ पिकोक्युरी म्हणजे घनमीटरमागे १४८ बेकरेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पायाखाली असणाऱ्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम फार कमी असतं, खिडक्या बहुतेक वर्ष उघड्या असतात आणि इमारतीत वर जाल तसा जमिनीतून येणारा रेडॉन कमी होतो. ओट्याच्या ग्रॅनाइटची भीती पुष्कळांना वाटते, पण त्याचा वाटा सहसा नगण्य असतो.

खरी काळजी न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या माणसांची. वॉट्रस यांच्या घराखालचा खडकांचा पट्टा उत्तर न्यू जर्सीतून पुढे जातो. तिथल्या मराठी घरांत बेसमेंट म्हणजे गणपतीची आरास, मंडळाच्या नाटकाची तालीम, मुलांचा खेळ आणि हल्ली घरून कामाचं टेबलही. घरातला सर्वांत जास्त रेडॉन तिथेच असतो.

चाचणी सोपी आहे. कोळशाची चपटी डबी उघडून, वापरात असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान वीस इंच उंच ठेवायची. आधी बारा तास आणि चाचणीभर दारं-खिडक्या बंद. दोन ते चार दिवसांनी डबी बंद करून लगेच प्रयोगशाळेकडे पाठवायची. आकडा जास्त आला तर लादीला भोक पाडून खाली पाइप घालतात आणि पंख्याने तिथली हवा छपरावर सोडतात. काम बहुतेक घरांत एका दिवसात होतं. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही, आणि पाइप बसवल्यावर पुन्हा मोजायलाच हवं.

तुमची मुलगी, मुलगा, भाचा तिकडे घर घेत असेल, तर हा लेख त्यांना पाठवा आणि सही करण्याआधी रेडॉनची चाचणी करून घ्यायला सांगा. घर जुनं असो की नवं कोरं, चाचणी दोन्हीकडे हवी.