अहमदाबादच्या वकिलाची लोकसभा

पटेल चौक मेट्रो स्थानकातून वर आले आणि रफी मार्गाकडे वळले की थोड्याच अंतरावर विठ्ठलभाई पटेल हाउस लागते. खासदारांच्या मुक्कामाची ही जुनी इमारत. तिच्याच आवारात मावळणकर सभागृह आहे. कामगार संघटनांचे मेळावे, पुस्तकांची प्रकाशने, कुठल्या तरी आंदोलनाची बैठक अशा निमित्ताने दिल्लीकर कधी ना कधी तिथे जाऊन बसलेला असतो. मीही अनेकदा बसलो आहे. कार्यक्रम सुरू व्हायला उशीर असला की शेजारच्या माणसाला मी विचारतो, हे मावळणकर कोण, ठाऊक आहे का? बहुतेक जण पाटीकडे पाहतात आणि मान हलवतात.

या दोन पाट्या एका आवारात याव्यात, ही गोष्ट फार समर्पक आहे. विठ्ठलभाई पटेल १९२५ साली केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. त्याच विधिमंडळाचे शेवटचे अध्यक्ष आणि नंतर लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणजे गणेश वासुदेव मावळणकर. दोघेही वकील, आणि दोघांचेही गुजरातशी नाते. पण मावळणकरांचे घर मराठी. कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातले मावळंगे हे त्यांचे मूळ गाव, आडनाव त्यावरूनच आलेले.

पहिल्या लोकसभेत वकिली करून आलेल्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश होते. त्यातले बरेच जण भाषणांनी गाजले. मावळणकरांची गोष्ट वेगळी आहे. वकिलाचे जे गुण कोर्टाबाहेर कुणाला दिसत नाहीत, ते त्यांनी दिल्लीत आणले: कागद नीट लावणे, समोरच्याला पुरते बोलू देणे, दिलेला शब्द नोंदवून ठेवणे आणि तारखेला तो काढून दाखवणे. आपली संसद आज ज्या चाकोरीवर चालते, किंवा चालायला हवी, ती चाकोरी या सवयींतून पडली आहे.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. सुरुवातीचे काही शिक्षण राजापूरला झाले आणि १९०२ मध्ये ते अहमदाबादला गेले. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून पदवी घेतली, मुंबईच्या शासकीय विधी विद्यालयातून कायद्याची परीक्षा दिली आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली सुरू केली. वकिली चांगली चालली, पण ते एवढ्यावर थांबणार नव्हते. गांधीजींनी अहमदाबादेत बस्तान बसवले ते याच सुमारास. गुजरात सभेचे चिटणीस म्हणून मावळणकर १९१८ च्या खेडा सत्याग्रहाच्या कामात आले, १९१९ मध्ये नगरपालिकेत निवडून गेले आणि पुढे दोनदा तिचे अध्यक्ष झाले. पाणी, गटारे, शाळा यांच्या फायली त्यांनी हातावेगळ्या केल्या. मधल्या काळात तुरुंगवासही घडला, वेगवेगळ्या वेळी मिळून जवळपास सहा वर्षांचा. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांविषयी त्यांनी ‘मानवताना झरणां’ हे पुस्तक लिहिले, तेही गुजरातीत. घरची भाषा मराठी आणि लिहिण्याची गुजराती, हे अहमदाबाद-बडोद्याकडच्या मराठी कुटुंबांना नवे नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की कोर्टात ज्याच्याविषयी फक्त ‘आरोपी’ म्हणून बोलले जाते, त्या माणसाच्या शेजारी बसून त्याचे सगळे ऐकून घेण्याची सवड या वकिलाला तुरुंगात मिळाली.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि मावळणकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. तिथून ते दिल्लीला आले ते १९४६ च्या जानेवारीत, आणि आले ते अगदी काठावर.

ती निवडणूक जवळून पाहण्यासारखी आहे. तारीख २४ जानेवारी. केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसचे उमेदवार मावळणकर, समोर सर कावसजी जहांगीर. सरकारनियुक्त सदस्य आणि युरोपीय गट कावसजींच्या बाजूला. मुस्लिम लीगही काँग्रेसच्या माणसाला मत देणार नव्हती. मोजणी झाली तेव्हा मावळणकरांना ६६ मते पडली होती आणि कावसजींना ६३. ज्या सभागृहातल्या जवळपास निम्म्या लोकांनी आपल्याला नाकारले आहे, तिथे खुर्चीवर बसून सगळ्यांना सारखे वागवायचे, ही परीक्षा त्यांना पहिल्याच दिवशी द्यावी लागली. पुढची त्यांची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर हे तीन मतांचे अंतर लक्षात ठेवावे लागते.

दीड वर्षात ते विधिमंडळच संपले. १९४७ च्या १४ ऑगस्टच्या मध्यरात्री ते बरखास्त झाले आणि सारा अधिकार संविधान सभेकडे आला. आता एकच सभा संविधानही लिहिणार आणि रोजचे कायदेही करणार, तर दोन्ही कामे वेगळी कशी ठेवायची? त्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मावळणकरच होते. समितीने सांगितले की सभा तीच राहू दे, पण कायदे करायला बसेल तेव्हा तिचा अध्यक्ष वेगळा असावा. त्यामुळे संविधानाच्या कामाला राजेंद्रप्रसाद आणि कायद्यांच्या कामाला मावळणकर अशी वाटणी झाली. १७ नोव्हेंबर १९४७ ला ते त्या पदावर निवडून आले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते अहमदाबादमधून लोकसभेवर गेले. १५ मे १९५२ रोजी अध्यक्ष निवडताना काँग्रेसने त्यांचे नाव मांडले, तर विरोधकांनी शंकरराव मोऱ्यांचे. शंकरराव म्हणजे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, पुण्यात वकिली केलेले आणि सोलापूरहून निवडून आलेले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी समोरासमोर आलेली दोन्ही माणसे मराठी आणि दोघेही वकील, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. मावळणकरांच्या बाजूने ३९४ मते पडली, विरोधात ५५. पुढे शंकररावांनी भारतीय संसदेच्या कार्यपद्धतीवर इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या खुर्चीसाठी उभे राहून हरले, तिच्या कामाचा त्यांनी असा अभ्यास केला.

मावळणकरांनी नेमके काय केले, हे सांगायचे तर समित्यांपाशी थांबावे लागते. हा विषय रुक्ष आहे असे समजून लोक पान उलटतात. पण एक समिती घेऊ: शासकीय आश्वासन समिती, डिसेंबर १९५३ मध्ये स्थापन झालेली. सभागृहात खासदार प्रश्न विचारतो. मंत्री म्हणतो, ‘माहिती मागवली आहे’, ‘विचार चालू आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’. टाळ्या वाजतात, दिवस मावळतो, आणि ते वाक्य हवेत विरून जाते. मावळणकरांच्या काळात ठरले की ते विरू द्यायचे नाही. कामकाजाच्या इतिवृत्तातून असली वाक्ये वेचून काढायची, त्यांची नोंद करायची, आणि ठराविक मुदतीत त्या त्या खात्याकडून पूर्ततेचा अहवाल मागायचा. आजही ही मुदत तीन महिन्यांची आहे. कोणते शब्द ‘आश्वासन’ धरायचे त्याची यादीसुद्धा ठरलेली आहे. उलटतपासणीत साक्षीदाराचे आधीचे वाक्य पुढे ठेवून ‘हे आपणच म्हणालात ना?’ असे विचारणारा वकील डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ही समिती कुठल्या मुशीतून आली ते कळेल.

बाकीच्या समित्यांविषयी थोडक्यात. सरकारी खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती १९५० मध्ये आली. कुठल्या विधेयकाला किती वेळ द्यायचा ते सर्व पक्षांनी बसून ठरवणारी कामकाज सल्लागार समिती १९५२ मध्ये. संसदेने दिलेल्या अधिकारात खात्यांनी केलेले नियम तपासणारी समिती १९५३ मध्ये. लक्षवेधी सूचनेची पद्धत, जी पुढे आपल्या विधानसभांतही रुळली, १९५४ ची. ‘हाउस ऑफ द पीपल’ला हिंदीत ‘लोकसभा’ म्हटले जाईल, ही घोषणाही मावळणकरांनीच १४ मे १९५४ ला केली.

या शिस्तीची पहिली मोठी कसोटी मात्र त्याआधीच, पहिल्या निवडणुकीपूर्वीच्या हंगामी संसदेच्या काळात लागली होती. १९५१ मध्ये मुंबईचे काँग्रेस सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर सराफा व्यापाऱ्यांच्या एका संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा आरोप झाला. पंडित नेहरूंनी स्वतः चौकशीचा ठराव मांडला आणि पाच सदस्यांची समिती नेमली गेली. मुद्गलांना वकील देण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची मुभा होती. आरोप सिद्ध झाले. हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा झाली तेव्हा मुद्गलांनी राजीनामा देऊन सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला, पण सभागृहाने तो राजीनामाही अवमान ठरवला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना घालवले गेले, तेव्हा साऱ्या चर्चेत मुद्गल प्रकरणाचा दाखला पुन्हा पुन्हा आला. शिक्षा द्यायची, पण आधी बाजू पुरती मांडू द्यायची, हा पायंडा तिथे पडला होता.

मला सर्वांत जवळची वाटते ती मावळणकरांची वटहुकुमांबद्दलची भूमिका. संविधानाच्या १२३ व्या कलमानुसार संसद चालू नसताना, तातडीची गरज असली तर राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेची मान्यता मिळाली नाही तर तो संपतो. नव्या सरकारला ही सोय हाताशी लागली आणि ती सढळपणे वापरली जाऊ लागली. मावळणकर सत्ताधारी पक्षाचे, नेहरूंचे जुने सहकारी. तरी १९५० मध्ये त्यांनी सरकारला लिहून कळवले की हा मार्ग मुळातच लोकशाहीला धरून नाही. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, त्यांनी पुन्हा नेहरूंना पत्र लिहिले. अगदी निकडीच्या वेळेखेरीज वटहुकूम काढला तर पुढच्यांसाठी वाईट पायंडा पडेल, असा त्यांचा मुद्दा होता.

पायंडा पडलाच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी बिहारचे राजपत्र चाळून दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, काही तर दहा-बारा वर्षे. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रकाराला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटले. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाला तेच पुन्हा ठणकावून सांगावे लागले. १९५४ ची ती चिंता किती खरी होती!

मावळणकर निर्दोष होते असे मात्र नाही. तहकुबीचे प्रस्ताव ते सहसा दाखल करून घेत नसत. ब्रिटिश सरकारला जाब विचारायला दुसरा मार्ग नव्हता म्हणून ते हत्यार होते, आता सरकार आपलेच आहे आणि जाब विचारायला इतर वाटा आहेत, असे त्यांचे म्हणणे. तर्क म्हणून तो बरोबर असेल. पण विरोधी बाकांवर मूठभर माणसे असताना त्यांच्या हातचे हत्यार बोथट करणे मला पटत नाही, आणि तेव्हाच्या विरोधकांनाही ते पटले नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला, बिहारचे विघ्नेश्वर मिसिर यांनी मांडलेला. लोकसभा अध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच ठराव. चर्चा झाली, तो फेटाळला गेला, आणि मावळणकर पुन्हा खुर्चीवर बसले.

त्या दिवशी खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते, कारण संविधानाचे ९६ वे कलमच सांगते की स्वतःविरुद्धचा ठराव चर्चेला असताना अध्यक्षाने पीठासीन होऊ नये. कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश नसतो, हे कुठल्याही तालुका कोर्टातल्या नव्या वकिलालाही ठाऊक असते. म्हणून उपाध्यक्षाचे पद शोभेचे नाही. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेने संपूर्ण मुदत उपाध्यक्षाशिवाय काढली. तिच्या बैठका झाल्या २७४, पहिल्या लोकसभेच्या ६७७. रफी मार्गावरून चालताना हे आकडे मनातून जात नाहीत.

१९५६ च्या जानेवारीत मावळणकरांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारीला अहमदाबादेत, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले होते. त्यांच्या जागेच्या पोटनिवडणुकीत पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. पुढे मुलगा पुरुषोत्तम, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, १९७२ मध्ये अहमदाबादमधूनच अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. तीन वर्षांनी आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे बरेच खासदार तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. त्या सभागृहात पुरुषोत्तम मावळणकर उभे राहत, वडिलांनी घालून दिलेल्या नियमांनुसार बोलायची परवानगी मागत आणि आणीबाणीच्या विरोधात बोलत. त्या भाषणांचे पुस्तक १९७९ मध्ये निघाले. त्याचे नाव ‘नो, सर’.